कायद्याचा रोख कोणाकडे? मुलांचा अपव्यापार आणि राज्यांचे कायदे

मुलांच्या शोषणाविरुद्धचा एखादा कायदा कडक आहे की सौम्य, हे बहुधा त्यात सांगितलेल्या शिक्षेवरून ठरवले जाते, आणि विधिमंडळात अशा कायद्यावर चर्चा होते तेव्हाही भर शिक्षा वाढवण्यावरच असतो. भारतातील राज्यांनी आणि पूर्वीच्या प्रांतांनी गेल्या सुमारे नव्वद वर्षांत केलेले कायदे एकत्र ठेवून वाचल्यास मात्र शिक्षेहून महत्त्वाचा असा एक निकष हाती लागतो, तो म्हणजे कायद्याचा रोख कोणाकडे आहे हा. काही कायद्यांनी शोषित मुलालाच पकडले, काहींनी त्याच्या दरिद्री आईबापांना. आणि फार थोड्या कायद्यांनी मुलाला आणणारा, ठेवून घेणारा, त्याच्या श्रमांवर वा देहावर कमाई करणारा आणि हे सारे डोळ्यांदेखत घडत असताना गप्प राहणारा अशा सगळ्या साखळीवर जबाबदारी टाकली. ज्या राज्याने हा रोख बदलला त्याचाच कायदा खऱ्या अर्थाने बळकट झाला, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

अपव्यापार ही कायद्यातील संज्ञा असून वर्तमानपत्रांत तिलाच मुलांची तस्करी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या आणि इटलीतील पालेर्मो शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलनुसार अपव्यापाराचे तीन घटक आहेत: माणसाला मिळवणे, नेणे, ठेवून घेणे किंवा ताब्यात घेणे ही कृती; धाक, बळ, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा हे साधन; आणि शोषण हा हेतू. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत प्रोटोकॉलने दुसरा घटक वगळला आहे, त्यामुळे मूल आपखुशीने गेले की फसवून नेले गेले, हा प्रश्न तेथे उरतच नाही. भारताने २०११ मध्ये या प्रोटोकॉलला अनुसमर्थन दिले, तरी न्या. जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७० मध्ये जी नवी व्याख्या आली तीत मुलांसाठी हा अपवाद आला नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही तीच रचना कायम राहिली. पीडित व्यक्तीची संमती विचारात घेतली जाणार नाही असे कलम स्पष्ट सांगते, परंतु धाक, फसवणूक, प्रलोभन यांपैकी एखादे साधन वापरले गेले हे सरकारी पक्षाला मुलाच्या खटल्यातही दाखवावे लागते. ज्या मुलीला तिच्याच नात्यातील बाईने शहरात काम लावून देते म्हणून नेले, जिच्या आईने तिला डोळे पुसत गाडीत बसवून दिले आणि जी स्वतः नवे कपडे मिळतील म्हणून हौसेने गेली, तिच्या खटल्यात ही सिद्धता किती अवघड होते हे सांगावयास नको.

या कामी राज्यांना कितपत अधिकार आहे, हे आधी पाहिले पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना बंदी केली, अनुच्छेद २४ ने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोक्याच्या कामांवर ठेवण्यास मनाई केली, आणि अनुच्छेद १५ च्या तिसऱ्या खंडाने स्त्रिया व बालके यांच्यासाठी खास तरतुदी करण्याची मुभा दिली. फौजदारी कायदा हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे संसद आणि राज्य विधिमंडळ या दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांच्या यादीत आहे, तर पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांचे आहेत. समवर्ती विषयावरील राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावरच त्या राज्यात टिकतो, आणि ती संमती गृहीत धरता येत नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर केलेले शक्ती विधेयक, ज्यात स्त्रिया व मुले यांच्यावरील अत्याचारांसाठी मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षा सुचवल्या होत्या, संमतीअभावी कायदा होऊ शकले नाही. शिक्षा वाढवण्याची वाट अशी दिल्लीतून जाते, परंतु हॉटेलमालक, गाडीवाला, मुकादम, कामाला माणसे पुरवणारी एजन्सी यांच्यावर कर्तव्ये घालण्याची आणि ती पार पाडून घेणारी यंत्रणा उभारण्याची वाट बरीचशी राज्याच्या स्वतःच्या हातात असते.

चुकीच्या दिशेने रोख असलेल्या कायद्याचा ठळक नमुना म्हणजे १९५९ चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम. भीक मागणे या संज्ञेत या कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत दाखवणे अशा निमित्ताने पैसे मागणेही धरले, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भटकणेही धरले, आणि अशा व्यक्तीला वॉरंटाशिवाय पकडून पहिल्याच वेळी किमान एक वर्ष संस्थेत डांबून ठेवण्याची तरतूद केली. सिग्नलवर हात पसरणारे मूल मोठ्या माणसांसाठी कमावत असते आणि त्याला संध्याकाळी हिशेब द्यावा लागतो, हे वास्तव कायदा करणाऱ्यांना अगदीच ठाऊक नव्हते असे नाही, कारण याच अधिनियमाच्या कलम ११ मध्ये दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यास किंवा आपल्या ताब्यातील मुलाला त्यासाठी प्रवृत्त करणाऱ्यास एक ते तीन वर्षे कैदेची शिक्षा सांगितली आहे. हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला, आणि ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तेथे भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली, पण कलम ११ ला हात लावला नाही. दारिद्र्य हा गुन्हा नाही, दुसऱ्याच्या दारिद्र्यावर धंदा करणे हा गुन्हा आहे, ही रेषा न्यायालयाने त्या निकालात आखून दिली. तो निकाल दिल्लीपुरता आहे. ज्या मुंबईत हा कायदा जन्मला तेथे तो अजून पुस्तकात आहे, आणि त्याची दुरुस्ती करण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाला कोणाच्याही निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

देवदासी प्रथेविरुद्धच्या कायद्यांची अडचण वेगळ्या प्रकारची होती. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ साली मुलगी देवाला सोडण्यास बंदी करणारा कायदा केला, आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा मंजूर करून त्यात नियंत्रण अधिकारी व नियंत्रण मंडळ यांची तरतूद केली. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराशी कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातील कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असल्याने हा प्रश्न दोन राज्यांत विभागलेला होता, आणि सोडलेल्या मुलींपैकी अनेकींचा पुढचा मुक्काम मुंबईतील कामाठीपुऱ्याची वेश्यावस्ती हा असे. या सर्व कायद्यांत गुन्ह्याचा गाभा म्हणजे मुलीला देवाला वाहण्याचा विधी. तो करणारा, करू देणारा, त्यात भाग घेणारा दोषी. बंदी आल्यावर विधी डोंगरावरून घरात आला, जत्रेतला सोहळा चार माणसांत उरकला जाऊ लागला, आणि गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या नावाची माळ, बांधल्याचा साक्षीदार मिळेनासा झाला. विधीपाशी थांबलेल्या या कायद्यांनी त्या मुलीला शहरात नेणाऱ्याकडे आणि तेथे तिच्यावर पैसा कमावणाऱ्याकडे पुरेसे पाहिलेच नाही. आईवडिलांना शिक्षा सांगणारे कलम कागदावर कितीही योग्य वाटले तरी, ज्या समाजघटकांतून या मुली येत ते बहुतांशी दलित आणि भूमिहीन होते, आणि आपल्याच आईला तुरुंगात पाठवणारी साक्ष अल्पवयीन मुलीने द्यावी ही अपेक्षा कायद्याच्या अंमलबजावणीलाच मारक ठरली.

या पार्श्वभूमीवर गोव्याने २००३ साली केलेला बाल कायदा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. मडगाव येथे मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या एका वृद्ध इसमाला १९९१ मध्ये अटक झाली, त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली, परदेशी पर्यटकांना ही मुले पुरवली जात असल्याचे उघड झाले, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पर्यटनावर जगणाऱ्या या छोट्या राज्याला त्या खटल्याने दाखवून दिले की असा गुन्हा एकटा माणूस करत नाही: कोणी तरी खोली भाड्याने देतो, कोणी तरी छायाचित्रे धुऊन देतो, कोणी तरी विमानतळावर मुलाबरोबर चाललेल्या परक्या प्रौढाकडे पाहून मान वळवतो. गोव्याच्या कायद्याने नेमक्या या माणसांवर कर्तव्ये घातली. हॉटेलच्या आवारात मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक व व्यवस्थापक यांची. मूल ज्या खोलीत कुटुंबीयांसोबत वा नातलगांसोबत राहत असल्याची नोंद नाही तेथे त्याला प्रवेश नाही. छायाचित्रे धुणाऱ्या व्यावसायिकाला मुलांची अश्लील छायाचित्रे आढळली तर त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. आणि विमानतळ अधिकारी, रेल्वे पोलीस, वाहतूक पोलीस यांना संशयास्पद परिस्थितीत मुलासह प्रवास करणाऱ्या प्रौढाची माहिती देणे भाग. शिवाय या कायद्याने मुलांच्या अपव्यापाराची स्वतःची व्याख्या दिली, लैंगिक अत्याचाराचे गांभीर्यानुसार प्रकार पाडले आणि स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली.

त्या काळी देशाच्या कायद्याची स्थिती काय होती हे लक्षात घेतल्याशिवाय या पावलाचे मोल कळणार नाही. दंडसंहितेतील बलात्काराची व्याख्या तेव्हा अत्यंत संकुचित होती, आणि मुलग्यांवरील अत्याचारासाठी अनैसर्गिक संभोगाच्या कलम ३७७ खेरीज फारसे काही उपलब्ध नव्हते. गोव्याने मुलगा आणि मुलगी असा भेद न करता सर्व बालकांना संरक्षण दिले. ही दिशा संपूर्ण देशाला २०१२ साली मिळाली, जेव्हा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पोक्सो या लघुनावाने परिचित असलेला केंद्रीय कायदा झाला. त्याच्या कलम २० मध्ये हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, स्टुडिओ आणि छायाचित्रण व्यवसाय यांतील कर्मचाऱ्यांना मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य आढळल्यास पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. राज्याने आधी केलेला प्रयोग आणि नंतरचा केंद्राचा कायदा यांच्यातील हे साम्य, छोट्या राज्याचे विधिमंडळ काय करू शकते याचा उत्तम पुरावा आहे.

गोव्याच्या कायद्यातही उणिवा आहेत, आणि त्या झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अपव्यापाराच्या त्याच्या व्याख्येने पालेर्मोची शब्दरचना घेतली पण मुलांसाठी साधनाची अट गाळणारा भाग घेतला नाही. मजुरीच्या संदर्भात त्याने बालक म्हणजे चौदा वर्षांखालील असे धरले, त्यामुळे किनाऱ्यावरील शॅकमध्ये वा बांधकामावर राबणारा पंधरा वर्षांचा परप्रांतीय मुलगा त्या संरक्षणाच्या बाहेर राहिला. छायाचित्रे धुण्याची दुकाने तर आता जवळपास नाहीशी झाली आणि त्यांची जागा फोनने घेतली. दूरसंचार हा केंद्राचा विषय असल्याने येथे राज्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब चा आणि पोक्सोचाच आधार घ्यावा लागतो; राज्याच्या हाती उरते ते सायबर पोलिसांचे मनुष्यबळ आणि प्रशिक्षण, आणि तेवढेही पुरेसे महत्त्वाचे आहे.

कायद्याचा रोख बदलण्याचे काम काही वेळा न्यायालयाने केले, आणि त्याचे महाराष्ट्रातील उदाहरण देशभर आधार म्हणून वापरले जाते. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात बालक म्हणजे सोळा वर्षांखालील व्यक्ती अशी व्याख्या आहे, आणि त्याच्या कलम ८ नुसार गिऱ्हाईक बोलावणे हा स्वतंत्र गुन्हा असल्याने छाप्यात सापडलेली अल्पवयीन मुलगी पीडित म्हणून नव्हे तर आरोपी म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभी राहू शकत असे. मग एखादा वकील तिच्या वतीने हजर होई, कोणी तरी पालक म्हणून पुढे येई, आणि सुटका झालेली मुलगी काही दिवसांत पुन्हा त्याच ठिकाणी पोहोचे. वेश्यावस्तीतील मुलांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या प्रेरणा या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये दिलेल्या निकालाने ही वाट बंद केली. अठरा वर्षांखालील अशी मुलगी गिऱ्हाईक बोलावताना सापडली असो वा नसो, ती काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे; तिला न्यायदंडाधिकाऱ्याकडे न ठेवता बालकल्याण समितीकडे पाठवावे; समितीने योग्य ठरवलेल्या पालकाकडेच तिचा ताबा द्यावा; आणि आरोपींनी नेमलेल्या वकिलाला तिच्या वतीने समितीसमोर येऊ देऊ नये, असे न्यायालयाने सांगितले. बालकल्याण समिती म्हणजे बाल न्याय कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात असणारे, अध्यक्ष व चार सदस्य यांचे मंडळ, ज्याला अशा मुलांबाबत न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. हा निकाल आजही पोलीस प्रशिक्षणात शिकवावा लागतो याचे कारण असे की मूळ कायद्यातील सोळा वर्षांची मर्यादा संसदेने अजून बदललेली नाही.

लैंगिक शोषणाइतकी चर्चा मजुरीसाठी होणाऱ्या अपव्यापाराची होत नाही, हे खेदाने नोंदवले पाहिजे, कारण संख्येने मोठा आणि डोळ्यांना सरावलेला प्रकार हाच आहे. २०२२ साली नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले किरकोळ रकमेच्या वा मेंढराच्या बोलीवर मेंढपाळांकडे राबवली जात असल्याचे, एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. अशा व्यवहारात आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, हीच बेडी असते. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दबातल ठरवले आहे, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असावी असे बंधन घातले आहे. ऊसतोडीत मुलाचे नाव कोणत्याही करारात नसते, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असे धरून मुकादम उचल देतो. मोळ्या बांधणारे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे मूल त्या हिशेबात कोठेच दिसत नाही. बालमजुरी कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत बंदी केली, पण शाळेनंतर व सुट्टीत कुटुंबाला हातभार लावण्याची मुभा ठेवली, आणि फडातील कामाला हीच पळवाट पुरते. येथे राज्याने मुकादमाची नोंदणी सक्तीची करून आणि साखर कारखान्याला मूळ नियोक्त्याइतके जबाबदार धरून कायदा केला, तर तो आईबापांवर खटले भरण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडेल. गावातील हंगामी वसतिगृहे वेळेवर, म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वी, सुरू करणे हाही त्याच संरक्षणाचा भाग आहे. आदिवासी मुलींना घरकामासाठी दिल्लीसारख्या शहरांत नेणाऱ्या प्लेसमेंट एजन्सींवर परवान्याचे बंधन घालणारे कायदे छत्तीसगडने २०१३ मध्ये आणि झारखंडने २०१६ मध्ये केले, ते याच विचाराचे आहेत.

कायदा उत्तम असूनही खटला पडतो, तो बहुतेक वेळा तपासापेक्षा मुलाच्या सुटकेनंतरच्या काळात. मूल पश्चिम बंगालचे, गुन्हा मुंबईचा, दलाल तिसऱ्याच राज्यातला. मूल गावी परत गेले की साक्षीसाठी त्याला आणायचे कोणी, प्रवासखर्च द्यायचा कोणी, आणि गावातच राहणाऱ्या दलालाच्या माणसांपासून त्याला जपायचे कोणी, याचे उत्तर संसदेच्या कायद्यात ढोबळ मिळते आणि राज्याच्या नियमांत ते तपशिलाने यायला हवे असते. बाल न्याय कायद्याच्या कलम ११० ने नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे, बालकल्याण समितीवरील नेमणुका राज्य करते, प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी राज्यच नेमते. समितीची पदे रिकामी असतील तर चोवीस तासांत मुलाला समितीपुढे हजर करण्याचे कलम ३१ निरर्थक होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार प्रथम माहिती अहवाल म्हणून नोंदवावी आणि अपहरण वा अपव्यापार झाल्याचे गृहीत धरून तपास करावा असा आदेश दिला; असा प्रत्येक तपास वेळीच पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाच्या हाती जावा आणि त्या कक्षात तपासालाच वाहिलेले अधिकारी असावेत, ही राज्य सरकारची जबाबदारी आहे.

संसदेने या विषयावर सर्वंकष कायदा करण्याचा प्रयत्न केला होता. अपव्यापार प्रतिबंध, संरक्षण व पुनर्वसन विधेयक २६ जुलै २०१८ रोजी लोकसभेत मंजूर झाले, परंतु राज्यसभेत न येता २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. तसा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर महाराष्ट्र, गोवा आणि इतर राज्यांनी आपापले जुने कायदे तपासून त्यांतील मुलाला आरोपी करणारी कलमे काढावीत आणि मध्यस्थांवरील कर्तव्ये स्पष्ट करावीत, ही मागणी नागरिकांनी आपल्या आमदारांकडे करायला हवी. आणि कर्तव्य केवळ हॉटेलमालकाचे वा पोलिसाचे नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे: पोक्सोच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अपराध झाल्याचे वा होण्याची भीती असल्याचे ज्याला कळते अशा प्रत्येक व्यक्तीने विशेष बालपोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही, आणि संकटातील मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो.